मुलांचं काय?

इब्सेनचं 'अ डॉल्स हाउस' वाचून झालं की बहुतेक वाचक एकच प्रश्न विचारतात: ते सगळं ठीक आहे, पण मुलांचं काय? नोरा हेल्मर रात्री नवऱ्याचं घर सोडून जाते तेव्हा आत तीन लहान मुलं झोपलेली असतात. कॉलेजात हे नाटक मी बरीच वर्षं शिकवलं आणि या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं असे. हा प्रश्न नाटकाचा नाही, विचारणाऱ्याचा आहे. ज्याला नोराचं जाणं पचत नाही तो मुलांच्या आडून बोलतो, असं मी मानत होते आणि वर्गात तसं सांगतही होते. आता मला तसं वाटत नाही. मुलांचा प्रश्न इब्सेननेच नाटकात घातलेला आहे, तो पहिल्या अंकापासून वाढत जातो आणि तो बाजूला ठेवला तर नोराच्या जाण्याची किंमत कळत नाही, अशा मतावर मी आले आहे. हे कसं झालं ते लिहावंसं वाटतं, कारण माझ्यासारखं शिकवणारे पुष्कळ आहेत आणि माझ्याकडून तसंच शिकून गेलेलेही पुष्कळ आहेत.

नाटक ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. टोरवाल्ड हेल्मर वकील आहे, आता बँकेचा मॅनेजर होणार आहे. नाताळचे दिवस आहेत, घरात आनंद आहे. काही वर्षांपूर्वी तो जिवावरच्या दुखण्यात सापडला होता. डॉक्टरांनी दक्षिणेकडच्या उबदार हवेत न्यायला सांगितलं होतं आणि पैसे नव्हते. त्या काळी बायकोला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज काढता येत नसे. नोराने क्रोग्स्टाड नावाच्या माणसाकडून नवऱ्याला न कळत पैसे घेतले. जामीन म्हणून वडिलांची सही हवी होती, वडील मरणपंथाला लागलेले, म्हणून ती सही तिने स्वतःच केली. तारीखही चुकली. वडील २९ सप्टेंबरला गेले आणि सहीखाली २ ऑक्टोबर पडली. नवरा इटलीत बरा झाला. त्याला वाटलं पैसे सासऱ्यांनी दिले. ती घरखर्चातून वाचवून, रात्री जागून नकला उतरवण्याचं काम करून कर्ज फेडत राहिली. पुढे क्रोग्स्टाडची बँकेतली नोकरी धोक्यात येते, तो धमकावतो, पत्र टाकतो. नोराची खात्री असते की सत्य कळताच नवरा सगळा दोष स्वतःवर घेईल. नवरा पत्र वाचतो आणि तिला नाही नाही ते बोलतो. थोड्या वेळाने कर्जरोखा परत येतो, धोका टळतो, आणि तो लगेच तिला क्षमा करून मोकळा होतो. मग ती त्याला टेबलापाशी बसवते. आठ वर्षांच्या संसारात दोघांचं गंभीरपणे झालेलं ते पहिलं बोलणं. ते संपतं, ती अंगठी परत करते आणि निघून जाते.

हे नाटक रंगभूमीवर येण्याआधी वाचलं गेलं, ही गोष्ट आपण विसरतो. ४ डिसेंबर १८७९ ला कोपनहेगनमध्ये त्याचं पुस्तक प्रसिद्ध झालं. पहिल्या आवृत्तीच्या ८००० प्रती काढल्या होत्या आणि त्या महिन्याभरात संपल्या. पहिला प्रयोग तिथल्याच रॉयल थिएटरात २१ डिसेंबरला झाला, बेट्टी हेनिंग्स नोरा झाली होती. म्हणजे सतरा दिवस लोक ते घरात वाचत होते, नाताळच्या तयारीत, मुलं भोवती असताना. ज्या दिवाणखान्यात बसून ते वाचलं गेलं तोच दिवाणखाना नाटकात होता. स्टॉकहोममध्ये जेवणाच्या आमंत्रणांवर 'कृपया या नाटकाविषयी चर्चा करू नये' अशी सूचना असे, असं सांगतात. त्या भांडणांत सगळ्यात जास्त वेळा आला तो मुलांचाच प्रश्न.

जर्मनीत हेडविग नीमन-राबे या नामांकित नटीने शेवट करायला सरळ नकार दिला. मी माझ्या मुलांना कधीच सोडून गेले नसते, हे तिचं कारण. त्या वेळी जर्मनीत इब्सेनच्या नाटकांना कायद्याचं संरक्षण नव्हतं, कुणीही हवा तसा शेवट जोडू शकलं असतं. म्हणून त्याने स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला. त्यात टोरवाल्ड नोराला मुलांच्या खोलीच्या दारापाशी ओढत नेतो, मुलं उद्या आईविना जागी होतील असं बजावतो, आणि ती तिथेच खाली कोसळते. हा नाटकावरचा रानटी अत्याचार आहे, असं इब्सेनने एका डॅनिश वर्तमानपत्रात जाहीर लिहिलं.

वर्गात मी ही हकीकत नेहमी सांगत असे आणि मुलांचा प्रश्न तिथेच मिटवत असे. नीमन-राबे ही माझ्या लेखी वाईट वाचकाचा नमुना होती. पात्राच्या जागी स्वतःला बसवणारी, नाटककारापेक्षा आपल्या भावनेला मोठं मानणारी. तिच्या जोडीला मी वॉल्टर बेझंट या इंग्रज कादंबरीकाराला उभं करी. त्याने १८९० मध्ये एक कथा लिहून नोरा गेल्यावर काय झालं ते सांगितलं: घराची धूळधाण होते, टोरवाल्ड दारूला लागतो, मुलीचा जीव जातो. बाई घराबाहेर पडली की मुलांचं वाटोळं, हे ठरवूनच ती कथा लिहिलेली आहे. बर्नार्ड शॉने त्याच वर्षी तिला कथेनेच उत्तर दिलं. अशा लोकांच्या तोंडी हा प्रश्न ऐकून ऐकून तो मला त्यांचाच वाटू लागला होता. आणि नाटकातही तो टोरवाल्डच्या तोंडी आहेच. नवरा आणि मुलं यांच्याविषयीचं तुझं पवित्र कर्तव्य, असं तोच म्हणतो. माझ्याविषयीचंही माझं तितकंच पवित्र कर्तव्य आहे, असं नोरा त्याला सांगते. माझ्या दृष्टीने विषय तिथे संपत होता.

दुसरंही एक कारण होतं, आणि ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. माझा मुलगा लहान असताना मला दुसऱ्या गावी कायमची नोकरी लागली. ती सोडणं शक्य नव्हतं. मुलगा माझ्या आईकडे राहिला आणि मी सुट्टीत जात असे. त्या काळात येणारा-जाणारा प्रत्येक जण मला हाच प्रश्न विचारी, आणि माझ्या नवऱ्याला कुणीही विचारत नसे. त्यामुळे पुढे वर्गात एखाद्या मुलीने 'मॅडम, पण मुलं?' असं म्हटलं की मला त्यात ते सगळे आवाज ऐकू येत. मी उत्तर देई ते त्या मुलीला नव्हे, त्यांना. उत्तर तर्काला धरून होतं, पण ती मुलगी गप्प बसत असे. वाचकाला गप्प बसवणारं उत्तर शिक्षकाने द्यावं, हे मला आज बरोबर वाटत नाही.

निवृत्तीनंतर गावातल्या वाचनालयात आम्हा बायकांचं एक वाचक मंडळ सुरू झालं. तिथे हे नाटक आम्ही मराठीतून वाचलं, भूमिका वाटून घेऊन, मोठ्याने. मंडळात एक बाई होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या, खानावळ चालवणाऱ्या. त्यांची आई मुंबईत एका कुटुंबात राहून त्या घरची मुलं सांभाळत असे. या स्वतः कोकणात मामाकडे वाढल्या. आई गणपतीला यायची, कधी शिमग्याला. वाचन संपल्यावर सगळ्या जणी नोराच्या मुलांबद्दल बोलत होत्या आणि मी माझं नेहमीचं उत्तर द्यायच्या तयारीत होते. या बाईंनी विचारलं, "बाई, त्या दाईच्या मुलीला नाव का नाही हो?" मला क्षणभर कळलंच नाही त्या कुणाबद्दल बोलताहेत. मग त्या म्हणाल्या, "तिने आईला दोनच पत्रं लिहिली, असं आहे ना त्यात? मीपण लिहायची. काय लिहावं ते सुचायचं नाही."

इतकी वर्षं शिकवलेल्या नाटकातला हा प्रवेश मला नीट आठवत नव्हता. घरी येऊन मी दुसरा अंक काढला. अंकाच्या सुरुवातीलाच तो आहे, जेमतेम दोन पानांचा. नोराची दाई अ‍ॅन-मारी वेषांतराच्या कपड्यांची पेटी घेऊन येते. नोरा मुलांची चौकशी करते, यापुढे मी त्यांच्यात पूर्वीइतकी असणार नाही असं सांगते, आणि मग विचारते की आई कायमची गेली तर मुलं तिला विसरतील का. त्याच ओघात ती दाईला विचारते की तू आपलं मूल परक्यांच्या हाती द्यायला धजावलीस कशी. दाई शांतपणे सांगते. गरीब मुलगी, अडचणीत सापडलेली, पुरुषाने हात वर केलेले, अशात छोट्या नोराला पाजायची-सांभाळायची चांगली जागा मिळाली, ती सोडणार कशी? मुलगी तुला विसरली असेल, असं नोरा म्हणते. नाही, तिचं पत्र आलं होतं, दाई म्हणते. एकदा धर्मदीक्षा झाली तेव्हा आणि एकदा लग्न झालं तेव्हा. नोरा तिला मिठी मारते. मी लहान असताना तू माझी चांगली आई झालीस, असं म्हणते, आणि माझ्या मुलांना दुसरं कुणी नसेल तर तू त्यांचीही होशील, असं सुचवून वाक्य अर्धवट सोडते.

म्हणजे मुलांचं काय, हा प्रश्न नाटकात सगळ्यात आधी नोरा विचारते. टोरवाल्डने कर्तव्याची भाषा काढण्याच्या कितीतरी आधी. नीमन-राबेने, बेझंटने, माझ्या वर्गातल्या मुलींनी तो तिच्याकडूनच घेतला होता. आणि शेवटी दार उघडण्याआधी ती म्हणते की मुलं माझ्यापेक्षा चांगल्या हातांत आहेत, तेव्हा ते हात टोरवाल्डचे नसतात, अ‍ॅन-मारीचे असतात. एका गरीब बाईने पोटची मुलगी दूर ठेवली म्हणून नोरा वाढली, आणि तीच बाई घरात आहे म्हणून नोरा जाऊ शकते. हे इब्सेनने सांगून टाकलेलं नाही, दोन पानांत मांडून ठेवलं आहे. त्या मुलीला नाव त्याने का दिलं नाही याचं उत्तर मी खानावळवाल्या बाईंना अजून देऊ शकलेले नाही. पण नोरा घर सोडते तेव्हा तिची मुलंही त्याच रांगेत जाऊन उभी राहतात, हे मला आता दिसतं.

एकदा हे दिसल्यावर बाकीचं नाटकही वेगळं वाचता येऊ लागलं. पहिल्या अंकात मुलं बाहेरून खेळून येतात. त्या वेळी टोरवाल्ड काय करतो? चला, आता इथे आईशिवाय कुणाला थांबवणार नाही, अशा अर्थाचं बोलून तो पाहुण्यांसह निघून जातो. नोरा मुलांबरोबर लपंडाव खेळते, टेबलाखाली लपते. ती टेबलाखाली असतानाच क्रोग्स्टाड दारात येऊन उभा राहतो. त्या एका प्रसंगात तिचं आईपण आणि तिचं संकट एकत्र आणलेलं आहे. मी या प्रसंगाकडे फक्त 'नोरा स्वतःच मूल आहे' याचा पुरावा म्हणून पाहत असे. ते खरं आहेच. पण ती मुलांच्या खेळात पूर्ण रमलेली आहे आणि बाप जिन्याखाली उतरून गेला आहे, हेही तिथेच लिहिलेलं आहे.

अंकाच्या शेवटी टोरवाल्ड क्रोग्स्टाडबद्दल बोलताना एक सिद्धांत मांडतो. खोटं बोलणारा माणूस घरातली हवा नासवतो, त्या हवेच्या प्रत्येक श्वासाबरोबर मुलांच्या अंगात विष जातं, आणि लहान वयात बिघडलेल्या बहुतेकांच्या आया खोटारड्या असतात. तो हे सहज बोलतो. ऐकणारी बाई त्याच्याच जिवासाठी खोटी सही करून बसलेली आहे. लगेच नंतर दाई सांगायला येते की मुलं आईकडे यायचं म्हणताहेत, आणि नोरा म्हणते, नको, त्यांना माझ्याकडे पाठवू नकोस. त्या क्षणापासून ती मुलांपासून मागे सरत जाते. शेवटच्या अंकात पत्र वाचल्यावर टोरवाल्ड तेच वाक्य निकालासारखं देतो: तू घरात राहशील, पण मुलं तुझ्या हाती सोपवायची माझी छाती होणार नाही. रोखा परत आल्यावर तो आपले शब्द मागे घेतो. नोरा मात्र त्यातला हा भाग खरा मानते. मुलं वाढवायला मी लायक नाही, आधी मला स्वतःला घडवायला हवं, असं ती त्यालाच ऐकवते.

हे मला फार अस्वस्थ करतं. नोराच्या जाण्यात स्वतःचा शोध आहे हे मी शिकवलं आणि ते आजही शिकवीन. पण त्या जाण्यात नवऱ्याने तिच्या मनात भरवलेली भीतीही आहे. मुलांना आपला संसर्ग होईल ही भीती. ती दार ओढून घेते तेव्हा टोरवाल्डची सगळी मतं तिने टाकून दिलेली नसतात, एक ती बरोबर घेऊन जाते. तिला निव्वळ विजयी करून दाखवलं की हे दुःख नाटकातून निघून जातं, आणि नाटक लहान होतं.

इब्सेनचं स्वतःचं लिखाणही मी अर्धंच वापरत आले होते. रोममध्ये १९ ऑक्टोबर १८७८ ला त्याने या नाटकासाठी पहिली टिपणं केली. हा समाज पुरुषांचा आहे, कायदे पुरुषांनी केलेले आहेत, त्यात बाईला स्वतःसारखं राहता येत नाही, हा त्यातला भाग प्रत्येक शिक्षक सांगतो. त्याच टिपणांत त्याने आधुनिक समाजातल्या आईची तुलना अशा किड्यांशी केली आहे, जे वंश पुढे चालवण्याचं काम झालं की बाजूला जाऊन मरतात. आईचा प्रश्न पहिल्या कागदावरच होता. तसंच त्याचं २६ मे १८९८ चं भाषण. नॉर्वेच्या स्त्री-हक्क संघटनेने त्याचा सत्कार केला आणि त्याने सांगितलं की मी जाणूनबुजून स्त्री-हक्कांसाठी लिहिलेलं नाही, मला हा प्रश्न माणसाचा वाटतो. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पुढे तो म्हणतो की माणसाचा प्रश्न बायकाच सोडवतील आणि त्या तो आई म्हणून सोडवतील. हा उत्तरार्ध मला अडचणीचा वाटे, म्हणून मी तो वर्गात वाचत नसे. तो आजही मला पटत नाही. सगळा भार पुन्हा आयांवर टाकून तो मोकळा झाला आहे. पण नोराचं नाटक लिहिणाऱ्याच्या मनात आईपण केवढं मोठं होतं, हे कळायला तो भाग वाचायलाच हवा होता.

आणि लाउरा कीलर. नोराची मूळ व्यक्ती म्हणून तिचं नाव घेतलं जातं. ती लेखिका होती, इब्सेनच्या ओळखीची, तो तिला प्रेमाने चंडोल म्हणत असे. तिच्या नवऱ्याला क्षय झाला, तिने गुपचूप कर्ज काढून त्याला इटलीला नेलं, तो बरा झाला. कर्ज फेडता येईना तेव्हा तिने एक हस्तलिखित इब्सेनकडे पाठवलं, प्रकाशकाकडे शिफारस करा म्हणून. त्याने नकार दिला. तिने खोटा कागद केला, तो उघडकीला आला. नवऱ्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं आणि मुलं तिच्यापासून तोडली. बाहेर आल्यावर ती मुलांसाठी पुन्हा त्याच नवऱ्याच्या घरी गेली. खऱ्या आयुष्यात मुलांच्या प्रश्नाने बाईला परत नेलं होतं आणि इब्सेनला ते माहीत होतं. त्याने लिहिताना तिला परत पाठवलं नाही. जो शेवट त्याने रानटी म्हटला तो लाउराच्या जगण्याच्या फार जवळचा होता, ही गोष्ट मला आता नीमन-राबेवर हसू देत नाही.

त्या काळचा कायदाही लक्षात घ्यायला हवा. नॉर्वेत विवाहित स्त्री कायद्याने सज्ञान ठरली ती १८८८ मध्ये. नोरा मुलांना का घेऊन गेली नाही असं आजचा वाचक विचारतो, तेव्हा हे त्याला सांगावं लागतं. जिला स्वतःच्या सहीवर कर्ज काढता येत नव्हतं ती तीन मुलं घेऊन कुठल्या दारात उभी राहिली असती? इथे मला आपल्याकडची रखमाबाई आठवते. काळ तोच. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायचं नाही असं तिने ठरवलं, आणि १८८७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने तिला सांगितलं की नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. 'केसरी' तिच्या विरोधात होता. १८८८ मध्ये त्या नवऱ्याला, दादाजीला, २००० रुपये देऊन प्रकरण मिटलं, पुढे ती लंडनला गेली आणि डॉक्टर होऊन आली. तिची हिंमत असामान्य होती. पण तिच्या पाठीशी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्यासारखे सावत्र वडील होते, रक्कम उभी करता आली, आणि तिला मूल नव्हतं. यातलं एक जरी वेगळं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी आता टाळत नाही.

लू श्यून या चिनी लेखकाने तो टाळला नव्हता. नोराचा चीनच्या तरुण पिढीवर विलक्षण प्रभाव पडलेला असताना, २६ डिसेंबर १९२३ ला त्याने बीजिंगमधल्या मुलींच्या कॉलेजात भाषण दिलं. विषय होता, नोरा घर सोडून गेल्यावर पुढे काय होतं. त्याने मुलींना स्पष्ट सांगितलं की हातात पैसा नसेल तर तिच्यापुढे अधःपात, परत जाणं किंवा उपासमार एवढेच रस्ते उरतात, तेव्हा आधी आर्थिक हक्क मिळवा. हे भाषण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते मोडता घालणारं वाटलं होतं. आज वाटतं की नोराबद्दलची सगळ्यात काळजीची प्रतिक्रिया तीच आहे. ती गेली हे त्याला मान्य आहे, म्हणूनच पुढच्या सकाळची त्याला चिंता आहे. मुलांबद्दल विचारणारा वाचकही तसा असू शकतो.

असू शकतो, असतोच असं मी म्हणत नाही. बायकांना घरात कोंडण्यासाठी हा प्रश्न आजही वापरला जातो आणि तसा वापरणाऱ्याशी मी आजही भांडेन. त्याला ओळखायची माझ्याकडे एक साधी खूण आहे. मी त्याला विचारते की दार बंद झाल्यावर मुलं कुणाजवळ आहेत? त्यांचा बाप घरात आहे. तो मॅनेजर आहे, पगार मोठा आहे, नोकरचाकर आहेत. मग मुलं उघड्यावर पडली असं का वाटतं? बाप असूनही मुलं पोरकी झाली हे ज्याला गृहीत वाटतं, त्याने नकळत टोरवाल्डवरच निकाल दिलेला असतो. बहुतेक जण यावर थांबतात आणि विचार करू लागतात. माझ्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न मला सुचला असता तर मीही तेव्हा लोकांना तो विचारला असता.

२०१७ मध्ये ल्यूकस नेथ या अमेरिकन नाटककाराने 'अ डॉल्स हाउस, पार्ट टू' लिहिलं. पंधरा वर्षांनी नोरा त्याच दारावर थाप मारते. त्यात चारच पात्रं आहेत: नोरा, टोरवाल्ड, म्हातारी झालेली अ‍ॅन-मारी आणि मोठी झालेली मुलगी एमी. दाई आणि मुलगी यांना तिथे बोलायला पूर्ण जागा मिळते, आणि त्या नोराला सहजासहजी सोडत नाहीत. त्या नाटकाची भाषा मला कुठे कुठे सवंग वाटली, पण कुणाला बोलतं करायचं राहिलं होतं हे त्या लेखकाने बरोबर हेरलं आहे.

नोराने जायला हवं होतं का, याबद्दल माझं मत पूर्वी होतं तेच आहे. हवं होतं. त्या रात्री त्या माणसाबरोबर राहणं शक्य नव्हतं. बदललं आहे ते एवढंच की आता मला तिच्या जाण्याचा आनंद साजरा करता येत नाही, आणि मुलांसाठी रडणाऱ्या वाचकाला मी नाटकाबाहेर काढत नाही. तो नाटकाच्या आतच आहे.

मराठीत हे नाटक नवं नाही. अनंत काणेकरांचं 'घरकुल' हे त्याचंच रूपांतर. पुढेही कुणी ना कुणी ते करत राहील. प्रयोगाची लांबी कमी करताना दाईचा प्रवेश सगळ्यात आधी जातो, कारण कथानक त्याच्यावाचून अडत नाही. जे दिग्दर्शक पुढे हे नाटक करतील त्यांना माझी विनंती आहे की तो प्रवेश कापू नका, आणि अ‍ॅन-मारीच्या भूमिकेसाठी तुमच्या संस्थेतली सगळ्यात चांगली नटी घ्या. जे शिक्षक ते शिकवतात त्यांनी वर्गात तो मोठ्याने वाचून घ्यावा. आणि एखाद्या मुलीने 'पण मुलांचं काय?' असं विचारलं, तर उत्तर देण्याची घाई न करता तिला तेवढं पुढे बोलू द्यावं.